आखडलेल्या हाताचा दोष वयावर टाकू नका

मनगटाचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात आखडला की घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही एकच कारण सांगतात : वय झालं. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात फिजिओथेरपीचं काम करताना हे कारण मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की त्याविरुद्ध जाहीरपणे लिहायलाच हवं, असं मला वाटतं. वयाचा परिणाम होतो, यात शंका नाही. पण तो हाड जुळण्यावर होतो असं आपण धरून चालतो, तिथे तो कमी असतो; आणि जिथे खरोखर होतो, तिकडे कोणी वळून बघत नाही.

आधी हाडाचंच घेऊ. कोपरापासून मनगटाकडे दोन हाडं येतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटापाशी रुंद होतं. माणूस पडताना हात टेकवतो, सगळा भार तळहातावर येतो आणि हाड तिथेच मोडतं. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती ओली झाली की धुऱ्यावर पाय ठरत नाही. न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं. पहाटेच्या अंधारात बाहेर निघालेल्या बाईला उंबरठा दिसत नाही. तिन्ही ठिकाणी मोडतं ते हेच हाड. मात्र मनगटाजवळचा त्याचा भाग आतून जाळीदार असतो आणि त्याला रक्त भरपूर मिळतं. त्यामुळे तो जुळतो. विशीत जुळतो आणि सत्तरीतही जुळतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांत एक्स-रेत त्याची खूण दिसू लागते. मनगटाजवळचं हे हाड अजिबात जुळलंच नाही, असं फार क्वचित घडतं. खुब्यातल्या मांडीच्या हाडाची मान मोडली तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तपुरवठाच तुटतो आणि म्हातारपणी ती नुसती ठेवून जुळण्याची खात्री नसते. लोक खुब्याचा अनुभव मनगटाला लावतात आणि घाबरतात.

लहान मुलांचं तर विचारूच नका. झाडावरून, सायकलवरून पडलेल्या पोराचं हाड तीन-चार आठवड्यांत धरतं, थोडं वाकडं जुळलं तरी वाढीबरोबर बरंचसं सरळ होतं, आणि प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा त्याच झाडावर असतो. त्याला व्यायाम शिकवावा लागत नाही, कारण तो हात वापरायचा थांबतच नाही. लहान हात लवकर मोकळा होण्यात हाडाचा वाटा आहेच, पण या न थांबण्याचाही मोठा वाटा आहे. म्हाताऱ्या हाताला आपण नेमकं हेच करू देत नाही.

गिरडच्या बाजूच्या एका गावातली आजी माझ्याकडे आली ती ऑपरेशनला दोन महिने झाल्यावर. शेतातून येताना घसरली होती, उजवं मनगट मोडलं होतं, मोठ्या दवाखान्यात प्लेट टाकून दिली होती. एक्स-रे मी उजेडाकडे धरून पाहिला. काम सुंदर झालेलं होतं. सांधा जिथल्या तिथे, सगळे स्क्रू नीट. जखमही पांढरी, बारीक रेघ होऊन भरलेली. आणि त्या मनगटापुढे पाच बोटं होती, ताठ, फुगलेली, चकाकत्या कातडीची. आजीला मूठ मिटायला सांगितली तेव्हा बोटांची टोकं तळहातापासून चार बोटं लांब राहिली. करंगळीशेजारच्या बोटात पितळी अंगठी रुतलेली होती. हात गळ्यात बांधलेल्या झोळीत इतके दिवस लोंबत राहिल्याने खांदाही धरलेला. केस विंचरायला हात वर जात नव्हता. मनगटाच्या मोडलेल्या हाडापायी तिचा खांदा गेला होता, आणि खांद्याला तर काहीच लागलेलं नव्हतं.

"माह्या गवऱ्या गेल्या मसणात, आता बोटं वळून का करू जी?" ती म्हणाली. सोबत आलेला मुलगा समजूतदार होता. तोही म्हणाला, "बुडीचं वय झालं मॅडम, आता जेवढं होते तेवढं खूप झालं."

मी त्यांच्याकडचा डिस्चार्जचा कागद मागितला. औषधांची नावं होती, टाके काढायची तारीख होती आणि शेवटी इंग्रजीत एक शब्द होता : फिजिओथेरपी. कुठे, कधीपासून, काय करायचं, काही नाही. तो शब्द घरात कोणाला वाचता आला नव्हता. हात हलवला तर प्लेट सरकेल, अशी भीती मात्र सगळ्यांना होती, म्हणून सहा आठवडे सुनेने आजीला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. मायेपोटीच. या घराला मी दोष देत नाही. त्यांना सांगायला हवं होतं ते कोणी सांगितलं नाही, आणि त्यातून जे झालं त्यावर वयाचा शिक्का बसला.

आता वय खरं कुठे आड येतं ते सांगते. म्हातारपणी सूज लवकर उतरत नाही. सूज राहिली की बोटांच्या सांध्याभोवतीचे पडदे आणि स्नायूंचे दोर चिकटतात. तरुणाला आठवडाभर हात न हलवल्याची जेवढी किंमत मोजावी लागते, त्याहून साठीच्या माणसाला कितीतरी जास्त मोजावी लागते. मधुमेह असेल तर बोटं आधीच थोडी आखडलेली असतात. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये एक त्रास जास्त दिसतो : ऑपरेशन किंवा प्लास्टरनंतर हात लाल किंवा निळसर होतो, आग होते, घाम सुटतो, कातडी चकाकते आणि नुसता पदर लागला तरी कळ येते. हा त्रास ओळखून लवकर उपचार झाले तर पुष्कळसा आटोक्यात येतो. "या वयात दुखणारच" म्हणून महिने काढले तर हात निकामी होऊ शकतो. म्हणजे वय वाढलं की हाताकडे अधिक लक्ष द्यायला हवं, आणि ते पहिल्या दिवसापासून. आपण नेमकं उलट करतो. पंचविशीतल्या पोराला तिसऱ्या दिवशी "बोटं हलव रे" म्हणून दटावतो आणि आजीला सांगतो, "पडून राहा."

पहिला दिवस म्हणजे अगदी पहिला. हात मोडल्याबरोबर बांगड्या आणि अंगठी काढायची. आमच्या भागातल्या बाया हिरव्या बांगड्या फोडायला तयार होत नाहीत, सवाष्णीला तो अपशकुन वाटतो. मी त्यांना सांगते की दुसऱ्या हातातल्या राहू द्या, या हातातल्या तेवढ्या साबण लावून उतरवा. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. मग हात झोळीत लोंबता ठेवायचा नाही. निजताना उशीवर, बसताना छातीच्या वर. प्लास्टर असो, तारा असोत की प्लेट, बोटं मोकळी असतात. ती दर तासाला पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. कोपर वाकवायचं, सरळ करायचं. हात डोक्यावर न्यायचा. याने प्लेट सरकत नाही. मनगट स्वतः कधी हलवायचं, वजन कधी उचलायचं, हे मात्र ज्याने ऑपरेशन केलं त्यालाच विचारायचं. हाड किती तुकड्यांत मोडलं होतं ते त्याने आत पाहिलेलं असतं.

पुढचं काम घरच्या वस्तूंनी होतं. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ मिटणं. कणकेचा गोळा मळणं, आधी सैल कणकेचा, मग घट्ट. ओला रुमाल पिळणं. आणि नमस्कार. दोन्ही तळवे छातीपाशी जोडून कोपरं हळूहळू वर न्यायची. मनगट किती मागे वळतं हे मला या एका कृतीतून कळतं, आणि देवघरापुढे बसून रोज ती करायला कोणत्याही आजीला कंटाळा येत नाही. जोर लावून चोळून घेणं मात्र बंद. आमच्याकडे अजून हाडवैद्याकडे नेऊन हात ओढून घेतात, बांबूच्या कमट्या आवळून बांधतात. आवळलेल्या कमट्यांखाली काळी पडलेली बोटं ज्याने पाहिली आहेत, तो हे कोणाला करू देणार नाही.

गिरडकडच्या त्या आजीचं काय झालं, तेही सांगते, कारण अर्धवट गोष्ट सांगणं बरं नाही. तिची मूठ पूर्ण मिटली नाही. बोटांची टोकं तळहाताला टेकतात, पण घट्ट आवळली जात नाहीत. धुणं पिळायला अजून सून लागते. खांदा बराच सुटला. गेल्या हंगामात ती वेचणीला गेली. कापूस वेचताना बोंडाच्या पाकळ्या टोचतात, त्यातून बोटांच्या टोकांनी तो अलगद ओढून काढावा लागतो आणि मनगट दर खेपेला थोडं फिरवावं लागतं. किलोवर मजुरी असते, त्यामुळे मंद हाताला कमी पैसे. तिला बरोबरीच्या बायांपेक्षा कमी मिळाले. ती दोन महिने आधी आली असती तर हा फरक बहुधा राहिला नसता, असं माझं मत आहे, आणि ते मी तिच्या वयाकडे बघूनच सांगते.

ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवतानाही वयाचा असाच गोंधळ होतो, फक्त उलट्या दिशेने. हल्ली मनगट मोडलं की पहिला प्रश्न असतो, "प्लेट टाकायची का?" २००० सालानंतर तळहाताच्या बाजूने बसवायची, स्क्रू प्लेटमध्येच घट्ट बसणारी नवी प्लेट आली आणि ठिसूळ हाडालाही आधार मिळू लागला. चांगली गोष्ट आहे. पण ती प्रत्येकाला लागते का? याचा शोध जगभर चिकाटीने घेतला गेला. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी २०११ साली ६५ वर्षांवरच्या ७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना प्लास्टर. वर्षअखेर हाताची हालचाल आणि दुखणं दोघांचं सारखंच होतं. प्लेटवाल्यांची पकड जास्त होती, आणि ऑपरेशनमुळे उद्भवणाऱ्या अडचणीही त्यांनाच जास्त आल्या. २०२१ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या क्रॉसफायर नावाच्या अभ्यासात ६० वर्षांवरच्या १६६ जणांबाबत पुन्हा तेच दिसलं : बारा महिन्यांनी प्लेट आणि प्लास्टर यांत रुग्णाला जाणवेल असा फरक नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली ४६१ प्रौढ रुग्णांवर साध्या तारा आणि महागडी प्लेट यांची तुलना झाली. वर्षभराने हात सारखेच चालत होते.

या दुखापतीला ज्याचं नाव मिळालं तो डब्लिनचा सर्जन अब्राहम कॉलिस १८१४ साली तिच्याबद्दल लिहीत होता, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून ऐंशी वर्षं होती. त्याने नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी पाहून नोंदवलं होतं की मनगट वाकडं राहिलं तरी काही काळाने हात काम करू लागतो. म्हाताऱ्या हाताबाबत हे आजही खरं आहे. मनगटाला थोडा बाक राहिलेल्या कितीतरी आजी आमच्या गावांत उत्तम भाकरी थापतात. त्यांचा एक्स-रे पाहून कोणी नाक मुरडलं तरी त्यांचं काही अडत नाही.

मग म्हाताऱ्यांचं ऑपरेशन करूच नये, असं मी म्हणते का? नाही. आणि इथेच मला आपल्या डॉक्टरमंडळींशी बोलायचं आहे. यातले पहिले दोन अभ्यास ६० किंवा ६५ या आकड्यावर रेघ मारतात. आमच्याकडे हा आकडाच खात्रीचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांची आधार कार्डं पाहा. पुष्कळांची जन्मतारीख १ जानेवारी. जन्माची नोंद नव्हती, म्हणून अंदाजे वर्ष टाकलं आणि यंत्राने १ जानेवारी लावली. कागदावर ६३ असलेली बाई खरी ७० ची असू शकते आणि ५५ चीही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इन्सब्रुकमधली निवृत्तीवेतन घेणारी ६८ वर्षांची बाई आणि नंदोरीच्या शिवारात निंदणाला जाणारी ६८ वर्षांची बाई यांचे हात एक काम करत नाहीत. एकीला कॉफीचा कप उचलायचा आहे, दुसरीला विळा आवळून धरायचा आहे. इन्सब्रुकच्या अभ्यासात प्लेटवाल्यांची पकड जास्त भरली, हे या दुसरीच्या दृष्टीने किरकोळ नाही. म्हणून वयाचा रकाना भरण्याआधी तिला विचारावं : बाई, तुमचा हात काय काय करतो? दूध काढता का? लाकडं तोडता का? घरात करणारं दुसरं कोणी आहे का? उजवा हात मोडला की डावा? जी अंगणात बसून असते, जिला मधुमेह, बीपी, दम्याचा त्रास आहे, तिला नीट बसवलेलं प्लास्टर पुरतं आणि भूल टळते. जी सत्तरीतही वावरात जाते आणि जिचा सांधा फुटलेला आहे, तिला "आता या वयात कशाला" म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. आणि जिला गरज नाही तिला सरकारी योजनेत बसतं म्हणून प्लेट टाकणं हाही अन्यायच.

तरुणांबद्दल दोन शब्द, कारण त्यांना वाटतं वय आपल्या बाजूने आहे. जाम चौकातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. तिथे मोटारसायकलवरून फेकला गेलेला पोरगा मनगट मोडून घेतो तेव्हा जोर इतका असतो की सांध्याचे तुकडे होतात. त्याला ऑपरेशन लागतं आणि वय कोवळं असूनही तो हात सत्तरीच्या आजीच्या हातापेक्षा वाईट राहू शकतो. दुसरं, मनगटातलं होडीच्या आकाराचं एक लहान हाड तरुण पोरांचं मोडतं. अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबलं की दुखतं, पण पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसतच नाही. मुरगळलं म्हणून पोरगा सोडून देतो. या हाडाला रक्त एका टोकाकडून उलटं येतं, त्यामुळे मागचा तुकडा उपाशी राहतो आणि कधी मरतो. पंचविशीतलं हे हाड साठीतल्या मोठ्या हाडापेक्षा जुळायला हट्टी असतं. तिसरं म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारीचं मिश्रण. आमच्या भागात तो कोणाच्या खिशात नसतो ते सांगा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, विडी-सिगरेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि खर्ऱ्यातही तेच निकोटीन असतं. हाड जुळेपर्यंत तरी तो बंद ठेवा, एवढं मी प्रत्येकाला सांगते. ऐकणारे थोडे असतात.

आता ज्या गोष्टीचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ती. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, तर त्याचा एक अर्थ असा असू शकतो की हाडं विरळ झाली आहेत. पुष्कळदा मनगट पहिलं मोडतं. पुढे पाठीचा मणका किंवा खुबा मोडण्याचा धोका अशा माणसाला जास्त असतो. खुबा मोडल्यावर म्हातारं माणूस पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखं उठत नाही. म्हणजे मनगट मोडलं तो दिवस पुढचं संकट टाळायची उत्तम संधी असते. आपण प्लेट टाकतो, टाके काढतो आणि संधी सोडून देतो. हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, गरज असेल तर हाडं घट्ट करणारी औषधं, हे कोणी सुचवतही नाही. बाई का पडली, हेही कोणी विचारत नाही. डोळ्यात मोतीबिंदू आहे का? रात्री बीपीची गोळी घेऊन उठल्यावर चक्कर येते का? न्हाणीत धरायला काही आहे का? मी आणखी एक प्रश्न विचारते : पिशवी काढली का, आणि कोणत्या वयात? २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली. पण तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाया फक्त बीडमध्ये नाहीत. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं गेलं असेल तर पाळी जाण्याचं वय एकदम पुढ्यात येऊन ठेपतं आणि हाडं लवकर झिजू लागतात. अशा बाईचं कागदावरचं वय ४८ असलं तरी तिच्या हाडांचं वय वेगळं असतं.

हे सगळं करणं आपल्याला जमणार नाही, असं कोणी म्हणालं तर मी त्याला वर्धा जिल्ह्याचा इतिहास सांगेन. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला महारोगी सेवा समिती उभी केली. जामवरून खाली चंद्रपूरकडे गेलं की त्यांचं आनंदवन लागतं. ज्या काळात लोक कुष्ठरोग्याच्या सावलीला भीत, त्या काळात या माणसांनी वाकलेल्या, संवेदना गेलेल्या बोटांना पुन्हा कामाला लावलं. कोमट पाण्यात हात भिजवणं, तेल लावणं, दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करणं, ही कुष्ठसेवेतली रोजची कामं. हाताचा व्यायाम म्हणजे काय, हे आमच्या मातीला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. सेवाग्रामला सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, खेड्यासाठी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने शेतकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवून दाखवला. सावंगीला दुसरं मोठं रुग्णालय आहे. दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेला हा जिल्हा आहे. उत्तम ऑपरेशन करणारे हात आमच्याकडे आहेत. ऑपरेशननंतर तालुक्याच्या गावात परतलेल्या हाताचं पुढे काय होतं, हे बघणारं कोणी नाही, ही खरी अडचण आहे.

व्यायामाला रोज सेवाग्राम किंवा सावंगीला जा, असं सांगणं सोपं आहे. एसटीच्या भाड्याचा प्रश्न बराच सुटला, हे मी मान्य करते : ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. पण आजी एकटी जात नाही. तिच्यासोबत जाणाऱ्या सुनेची एका दिवसाची मजुरी जाते, आणि वेचणीच्या दिवसांत ती मजुरी सोडणं घराला परवडत नाही. म्हणून सेवा तालुक्याला यायला हवी. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी केंद्राने २०१०-११ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तालुका पातळीवर त्यांची ठरावीक दिवशी तपासणी, पुनर्वसनाची सोय, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट, हे त्याच्या आराखड्यात लिहिलेलं आहे. नवीन काही मागायचं नाही. जे लिहिलं आहे ते समुद्रपूरच्या बाजाराच्या दिवशी, जेव्हा गावोगावचे लोक तसेही इथे येतात, एका खोलीत, एका माणसाकरवी मिळावं. आशाताईंना बोटांचे चार व्यायाम शिकवता येतील, पण त्या कामाचा मोबदला देऊनच. त्यांच्या पाठीवर आणखी एक फुकटचं ओझं टाकू नये.

आणि एक मागणी तर बिनपैशांची आहे. हाताचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने डिस्चार्जच्या कागदासोबत मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह एक पान द्यावं : बोटं कधीपासून हलवायची, कशी हलवायची, मनगट केव्हा, वजन केव्हा, आणि कोणती लक्षणं दिसली की लगेच परत यायचं. घरी नेणाऱ्या माणसासमोर ते वाचून दाखवावं. वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात.

वाचकांपैकी कोणाच्या घरात सध्या असा हात असेल, तर एवढं करा. अंगठी आणि बांगड्या निघाल्या आहेत का पाहा. हात झोळीतून काढून उशीवर ठेवा. आजी किंवा आबाजी जितके म्हातारे, तितक्या आग्रहाने त्यांना बोटं मिटायला आणि उघडायला लावा, तासातासाला, दुखलं तरी थोडं थोडं. बोटं फुगलेली, चकाकती, आग होणारी दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा. हाताची पकड वर्षभरापर्यंत सुधारत राहते, सत्तरीतही, तेव्हा दोन महिन्यांत आशा सोडू नका. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून विचारा की हाडांची तपासणी करायची का.